वरच्या मजल्यावर दिवा कोणी लावला?

भयपटाच्या पोस्टरइतकी गैरसोयीची नोकरी क्वचितच कुणाच्या वाट्याला येत असेल. चित्रपटाच्या हाताशी काय नसतं? काळोख केलेलं थिएटर असतं, करकरणारं दार असतं, नेमक्या वेळी किंचाळणारी व्हायोलिनं असतात आणि मुख्य म्हणजे तिकिटाचे पैसे भरून, आज घाबरायचंच असं ठरवून आलेली माणसं असतात. पोस्टरला यातलं काहीच मिळत नाही. एका बाजूला दहावीच्या क्लासची गुणवंतांची यादी, दुसऱ्या बाजूला मूळव्याधीवरचा खात्रीशीर इलाज, आणि मध्ये भर दुपारी बारा वाजता त्याने सिग्नलला थांबलेल्या माणसाला घाबरवायचं. तेही फुकट, आणि सिग्नल सुटायच्या आत. आवाज नाही, हालचाल नाही, मागून हळूच येऊन खांद्यावर हात ठेवायचीही सोय नाही, कारण भिंतीला चिकटवलेल्या कागदाला मागची बाजूच उरत नाही. तरीसुद्धा काही पोस्टरं हे काम पन्नास-पन्नास वर्षं बिनबोभाट करत आली आहेत. ती कशी करतात याचा विचार केला तर एक गोष्ट ध्यानात येते. चांगलं भयपोस्टर भूत दाखवतच नाही. ते भुताला फक्त जागा करून देतं. भूत ज्याने त्याने आपापल्या घरून आणायचं असतं.

‘द एक्झॉर्सिस्ट’चं १९७३चं पोस्टर घ्या. या चित्रपटात काय काय आहे ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांचं जेवण बिघडवण्यात अर्थ नाही. पोस्टरवर त्यातलं काहीही नाही. पछाडलेली मुलगी नाही, हवेत तरंगणारा पलंग नाही. आहे तो रात्रीच्या रस्त्यावर हातात बॅग घेऊन उभा असलेला, हॅट घातलेला एक माणूस, शेजारी रस्त्यावरचा दिवा, समोर घर, आणि घराच्या वरच्या खिडकीतून त्याच्या अंगावर येणारा प्रकाशाचा झोत. एवढंच. वर्णन ऐकून एखाद्याला वाटेल, विम्याचा एजंट हप्ता घ्यायला आलाय. पण त्या चित्रात एक गोष्ट साफ उलटी आहे. आपल्याकडे, आणि जगात सगळीकडेच, उजेड म्हणजे माणसांची वस्ती आणि अंधार म्हणजे बाकीच्यांची. इथे वाचवायला आलेला पाद्री अंधारात उभा आहे आणि उजेड ज्याच्यापासून वाचवायचं त्याच्या खोलीतून येतोय. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनला ही कल्पना बेल्जियन चित्रकार रने माग्रितच्या चित्रमालिकेवरून सुचली. त्या चित्रांत आकाश भर दुपारचं निळं असतं आणि त्याच आकाशाखालच्या गल्लीत रात्र पडलेली असते. चित्रात कोणी कुणाचा गळा धरत नाही, तरी बघणाऱ्याला वाटतं की इथे काहीतरी हिशोब चुकलाय.

पुढे या खिडकीची जी पैदास झाली तिला मात्र तोड नाही. भयपोस्टरवर घर असलं की वरच्या मजल्यावरच्या एका, फक्त एकाच, खिडकीत दिवा हवा असा जणू अध्यादेश निघाला. हवेली शंभर वर्षं बंद आहे, वारस परदेशी आहेत, वाटणीचा दावा तिसऱ्या पिढीत कोर्टात आहे, आणि वीजजोडणी चालू आहे. जिवंत माणसाने दोन महिने बिल थकवलं तर काय होतं हे माहीत असणाऱ्या समाजाला खरं म्हणजे या चित्रातली सर्वांत अमानवी गोष्ट हीच वाटायला हवी. पण पोस्टरवाल्यांचं गणित पक्कं आहे. सगळ्या खिडक्या उजळल्या तर ते लग्नघर होतं, एकही उजळली नाही तर ते भंगारात काढलेलं घर होतं. एकच उजळली की प्रश्न पडतो, आणि त्या प्रश्नाला पोस्टरवर उत्तर नसतं.

या रिकाम्या जागेचं महत्त्व कळायला आपल्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखा गुरू नाही. त्यात इंचभर जागा मोकळी नसते. मधोमध भावी नगरसेवक, वर श्रद्धास्थानं, बाजूला मार्गदर्शक, आणि खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंच्या रांगा. अशा फलकावर कुठल्याही भुताला शिरकाव मिळणार नाही. त्याला आधी शुभेच्छुकांत नाव द्यावं लागेल आणि वर्गणीही. भयपोस्टर नेमकं याच्या उलट करतं. कागदाचा दोनतृतीयांश भाग ते काहीच न छापता सोडून देतं, आणि त्या न छापलेल्या भागाकडेच आपली नजर पुन्हापुन्हा जाते. आपल्या कोकणातल्या भुतांची जंत्री बघितली तर हे तत्त्व तिथे पूर्वीपासून मुरलेलं दिसतं. मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्यात असतो, हडळीचं वर्णन ठरलेलं आहे. पत्ता आणि चेहरा माहीत असलेल्या मंडळींना टाळता येतं, नारळ देऊन गप्प करता येतं, फार तर त्यांच्यावर विनोदी चित्रपट काढता येतो. पण चकव्याला रूप नाही, आवाज नाही, ठिकाण नाही. माणूस ओळखीच्या वाटेने चालत असतो आणि फिरून फिरून त्याच जागी येतो, एवढंच. चकव्याचं पोस्टर करायची वेळ आली तर फक्त एक पायवाट काढावी लागेल, आणि ते अंगावर काटा आणणारं होईल.

रिकामी जागा ठेवली म्हणजे झालं असंही नाही. तसं असतं तर कोरा कागद हे जगातलं सर्वांत भयानक पोस्टर ठरलं असतं (परीक्षेला बसलेल्यांचं मत याबाबतीत वेगळं असू शकतं). त्या जागेत एक अगदी घरगुती वस्तू ठेवावी लागते आणि तिच्यात फक्त एक गोष्ट बिघडवावी लागते. ‘रोझमेरीज बेबी’च्या १९६८च्या पोस्टरवर हिरव्या रंगात मिया फॅरोचा आडवा चेहरा आहे आणि त्यापुढे खडकाळ उतारावर एक काळी बाबागाडी. सैतान नाही, शिंगं नाहीत, बाळही दिसत नाही. बाबागाडी जिथे जाऊच शकत नाही तिथे ती आहे, एवढाच बिघाड. आपल्या शहरांतल्या फुटपाथवरून रोज बाबागाडी नेणाऱ्यांना त्यात काही विशेष वाटणार नाही हे मान्य, पण न्यूयॉर्ककरांना वाटलं. बाहुलीचंही तसंच. रामदास पाध्यांच्या घरात अर्धवटराव आहेत, ज्यांच्यावर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या हसल्या. आणि त्याच पाध्यांनी १९९३च्या ‘झपाटलेला’साठी तात्या विंचू घडवला, ज्याच्यामुळे कित्येक घरांतल्या बाहुल्या रात्री कपाटात कोंडल्या गेल्या. दोघंही निर्जीव, दोघांनाही बोलता येतं, दोघांचाही कारागीर एकाच घरातला. मग भीती बाहुलीत नसते हे उघड आहे. तिला कुठे बसवलं, कोणत्या उजेडात, आणि ती कुणाकडे बघतेय, यात ती असते.

इथे एक आक्षेप हमखास येतो. या पोस्टरांत स्वतःचं असं काही नाही, चित्रपट गाजला म्हणून त्यांची भीती वाटते. तोच चित्रपट पडला असता तर ती बाबागाडी कुणाच्या खिजगणतीत नसती. आक्षेपात थोडं तथ्य आहे, पण ‘एलियन’च्या पोस्टरपुढे तो टिकत नाही. १९७९च्या त्या पोस्टरवर काळ्या अवकाशात एक अंडं तरंगतंय, त्याला तडा गेलाय आणि तड्यातून हिरवट उजेड गळतोय. गंमत अशी की चित्रपटात असं अंडंच नाही. चित्रपटातली अंडी एच. आर. गीगर या स्विस कलावंताने घडवलेली, चामड्यासारखी आणि वरून पाकळ्यांसारखी उघडणारी. पोस्टरवरचं अंडं मात्र जवळजवळ कोंबडीचं. म्हणजे चित्रपटातली भीती पोस्टरला उसनी मिळायचा प्रश्नच नव्हता. त्याने आपली आपण कमावली. आणि विचार करा, गीगरचं खरं अंडं छापलं असतं तर लोक म्हणाले असते, हे काय विचित्र फळ आहे. कोंबडीचं अंडं छापल्यामुळे त्यातून काय बाहेर यायला हवं हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि उजेड हिरवा असल्यामुळे ते बाहेर येणार नाही हेही कळत होतं.

काळा रंग फासला की भीती तयार, हा गैरसमज तर पोस्टर छापणाऱ्यांतही आहे. सॉल बास या नामांकित चित्रकाराने १९८० साली ‘द शायनिंग’चं पोस्टर केलं ते पिवळंधमक. त्याआधी दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने त्याचे कितीतरी कच्चे नमुने परत पाठवले होते. शेवटी जे ठरलं त्यात अक्षरांच्या आतून टिपक्याटिपक्यांचा एक चेहरा डोकावतो, आणि तो माणसाचा की कशाचा हे नीट सांगता येत नाही. हळदीचा रंग आपल्याकडे मंगल कार्याचा. त्या रंगात कुणी असं बघत असेल तर अमंगल दुप्पट होतं. ‘मिडसोमार’ने २०१९ साली यावर कडी केली. लख्ख दिवसाचा चित्रपट, आणि पोस्टरवर डोक्यावर फुलं माळलेल्या रडणाऱ्या मुलीचा चेहरा. लग्नाच्या अल्बममध्ये पाठवणीच्या पानावर तो सहज खपून जाईल.

डोळ्यांबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे पोस्टरवाल्यांना विज्ञानाची साक्ष काढता येते. २००४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पॉल व्हेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भेदरलेल्या डोळ्यांतलं नुसतं पांढरं लोकांना इतक्या निसटत्या क्षणापुरतं दाखवण्यात आलं की आपण काही पाहिलं हेही त्यांना उमगलं नाही. तरी मेंदूतला अमिग्डाला हा भाग, जो धोक्याच्या वेळी खडबडून उठतो, त्याने त्याची दखल घेतली. म्हणजे पोस्टरवरच्या बाईचे विस्फारलेले डोळे सिग्नल सुटायच्या आत आपलं काम करून गेलेले असतात. (आपल्याकडची नेतेमंडळी फ्लेक्सवर गॉगल लावून असतात, ती बहुधा याच लोकहिताच्या दृष्टीने.) पण डोळे मोठे करणं हा त्यातला सोपा भाग. खरी करामत नजरेच्या दिशेत असते. साधारण पोस्टरवर बाई भुताकडे बघते, आणि भूत तिच्या मागे किंवा बाजूला छापलेलं असतं. प्रकरण त्या दोघांत मिटतं. चांगल्या पोस्टरवर ती कागदाच्या बाहेर, आपल्या खांद्याच्या किंचित उजवीकडे बघते. आता आपल्या उजवीकडे तर बसस्टॉपवर उभे असलेले एक सद्गृहस्थ आहेत, हातात दुधाची पिशवी आहे. तरी क्षणभर त्यांच्याकडे नजर जातेच. भुताला कागदावर जागा दिली नाही म्हणून ते रस्त्यावर आलं.

आता मुख्य फिर्यादी पक्ष, रामसे बंधू. वडील एफ. यू. रामसे आणि त्यांचे सात मुलगे, अशा घरच्या घरी चालणाऱ्या या कारखान्याने १९७२ साली महाबळेश्वरात ‘दो गज ज़मीन के नीचे’चं चित्रण केलं आणि पुढची वीस वर्षं हिंदी भयपटाचा मक्ता सांभाळला. त्यांच्या पोस्टरांनी वरचा एकही नियम पाळला नाही. राक्षसाचा चेहरा, किंचाळणारी नायिका, हवेली, कवटी, सगळं दाटीवाटीने एकाच कागदावर आणि वरून अक्षरांतून ठिबकणारं रक्त. (या बाबतीत देवनागरी रोमनपेक्षा सोयीची आहे हे मान्य करावं लागेल. रोमन अक्षरांना प्रत्येकी वेगळं रक्त गाळावं लागतं. आपल्या शिरोरेघेवर ते दोरीवर धुणं टाकल्यासारखं एका ओळीत टांगता येतं.) ही पोस्टरं गावोगावच्या थिएटरांवर लागली आणि चित्रपट चालले. मग रिकाम्या जागेचं माझं शास्त्र कुठे गेलं?

शास्त्र आहे तिथेच आहे. फक्त ते चित्रात न शोधता नावांत शोधायला हवं. ‘दरवाज़ा’ (१९७८), ‘होटल’ (१९८१), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘तहखाना’ (१९८६), ‘डाक बंगला’ (१९८७), ‘वीराना’ (१९८८), ‘पुरानी हवेली’ (१९८९), ‘बंद दरवाज़ा’ (१९९०). ही यादी भुतांची नाही, ही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातली नोंदवही आहे. एवढा राक्षस रंगवायला पैसे खर्च केले, पण नाव त्याचं दिलं नाही; नाव दिलं ते मालमत्तेचं. शिवाय मालमत्ताही अशी की जिच्या आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. बारा वर्षांत दरवाजा उघडा होता तो बंद झाला, एवढीच काय ती प्रगती. रामसेंना पक्कं माहीत होतं की चित्रातला राक्षस हा गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आहे, पैसे वसूल होतील याची हमी आहे. पोटात गोळा आणायचं काम तळघर या एका शब्दावर सोपवलेलं बरं. राक्षस बघून मुलं हसायची, आणि घरी गेल्यावर जिन्याखालच्या खोलीतून काही आणायला सांगितलं की नाही म्हणायची.

सगळं उघडं दाखवलं तर काय होतं याचा पुरावाही उपलब्ध आहे. २००७ साली ‘कॅप्टिव्हिटी’ नावाच्या अमेरिकन चित्रपटाचे फलक लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर लागले. चार चौकटी, आणि त्यांत एका तरुणीचं अपहरण, कोंडून ठेवणं, छळ आणि शेवट, असं क्रमवार. चित्रपटाचा दिग्दर्शक रोलंड जोफे, म्हणजे ‘द किलिंग फील्ड्स’ आणि ‘द मिशन’सारखे चित्रपट करणारा माणूस. लोक घाबरले नाहीत, लोक चिडले. तक्रारींचा पाऊस पडला, फलक उतरवावे लागले, अमेरिकेतल्या चित्रपट संघटनेने प्रमाणपत्राच्या बाबतीत निर्मात्यांची अडवणूक केली, आणि पुढे चित्रपटही आपटला. कुणी म्हणेल, तो आक्षेप हिंसेला होता, रचनेला नव्हता. पण हिंसा तर चित्रपटगृहात रोज चालू असते. त्या चार चौकटींनी बघणाऱ्याला काहीच करायला ठेवलं नव्हतं. गोष्टीची सुरुवात, मध्य आणि शेवट भिंतीवरच संपला. ज्याला विचार करायला काही उरत नाही तो माणूस घाबरत नाही, तो तक्रार अर्ज लिहितो.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. १९९९ साली त्याच्या प्रसिद्धीसाठी जी पत्रकं वाटली त्यांवर ना जंगल होतं, ना चेटकीण. पोलीस ठाण्याबाहेर लावतात तशी ती ‘बेपत्ता’ची पत्रकं होती, तीन तरुणांचे फोटो असलेली. १९९४च्या ऑक्टोबरमध्ये मेरिलँडच्या बर्किट्सव्हिलजवळच्या जंगलात हे तिघं हरवले, वर्षाने त्यांचं चित्रीकरण सापडलं, असा दावा. तिघंही अर्थातच सुखरूप होते आणि अभिनेते होते. किरकोळ खर्चात केलेल्या या चित्रपटाने जगभरात चोवीस कोटी डॉलरहून जास्त कमावले. यात चित्रकाराची कला शोधायला जाल तर काडीची नाही. पण ‘बेपत्ता’ची पत्रकं चित्रकार करत नसतातच, आणि ती देखणी असती तर कुणाचा विश्वास बसला नसता.

उरतो सर्वांत अवघड आक्षेप, ‘जॉज’चा. १९७५चं हे पोस्टर जगातलं सर्वांत ओळखीचं भयपोस्टर असावं, आणि त्यावर शार्क चांगला उघडउघड, दातांसकट, नाकासमोर दाखवलेला आहे. लपवाछपवी नाही. उलट लपवाछपवी चित्रपटात आहे. स्पीलबर्गचा यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, त्यामुळे तासाभराहून जास्त वेळ प्रेक्षकांना तो धड दिसतच नाही. शार्कने समुद्रात काम करायला नकार द्यावा हे जरा अतिच झालं, पण चित्रपटाचं त्यात भलंच झालं. मग जे चित्रपटाने झाकलं ते पोस्टरने उघडं टाकूनही ते चालतं कसं? रॉजर कॅस्टेलने हे चित्र मुळात पीटर बेंचलीच्या कादंबरीच्या स्वस्त आवृत्तीसाठी रंगवलं होतं. त्यातला शार्क झाकून बघा. हाताने खालचा भाग झाका. वर पाण्यावर निवांत हात मारत चाललेली बाई उरते, आणि भीती शून्य होते. आता शार्क उघडा आणि बाई झाका. एक मोठा मासा तोंड वर करून आहे, मत्स्यालयातलं चित्र. भीती दोघांतही नाही, ती मधल्या पाण्याच्या पट्ट्यात आहे. पोस्टरमधली मोकळी जागा ती. बाईला खाली काय आहे ते माहीत नाही, आपल्याला माहीत आहे, आणि आपण तिला हाक मारू शकत नाही. इतर पोस्टरं भूत लपवतात. कॅस्टेलने भूत दाखवून पुढचे चार सेकंद लपवले. त्या पट्ट्यात ते चार सेकंद आजपर्यंत तसेच आहेत.

हल्ली मात्र या पट्ट्यावर गदा आली आहे. पोस्टर आता भिंतीवर कमी आणि फोनवर जास्त दिसतं, चाळीस चित्रपटांच्या गर्दीत अंगठ्याच्या नखाएवढं. नखाएवढ्या जागेत दोनतृतीयांश मोकळं सोडायची ऐपत कुणाची नसते. म्हणून अलीकडच्या भयपटांची चित्रं एकसारखी झाली आहेत, चौकट भरून एक चेहरा, अर्धा अंधारात, डोळे पांढरे. वरच्या खिडकीतला दिवा त्या आकारात छपाईचा दोष वाटतो. पायवाट दिसत नाही, अंड्याचा तडा दिसत नाही, आणि ‘जॉज’मधली ती पोहणारी बाई तर पुसूनच जाते. खाली उरतो तो नुसता मासा. आणि मासा बघून घाबरायची आपल्या किनाऱ्यावर पद्धत नाही. फार तर ताजा आहे का, एवढं विचारतात.